‘फोटो चांगला आला’ : छायाचित्रणातील दैवयोगाविषयी काही विचार

छायाचित्राविषयी बोलताना मराठी माणूस दोन निराळी क्रियापदे वापरतो आणि त्या दोहोंमधील अंतर सहसा त्याच्या ध्यानात येत नाही. ‘त्याने फोटो काढला’ हे एक वाक्य. ‘फोटो चांगला आला’ हे दुसरे. पहिल्यात काढणारा माणूस तृतीयेत का होईना, पण वाक्यात हजर आहे. दुसऱ्यात तो पार नाहीसा झालेला आहे. तेथे फोटोच कर्ता आहे आणि तो आपल्या पायांनी आल्यासारखा आला आहे. इतकेच नव्हे, तर ‘ह्या फोटोत तू चांगली आलीस’ असेही आपण म्हणतो. म्हणजे जिचे चित्र निघाले तीच येणारी ठरते. ‘मी फोटो चांगला आणला’ असे मात्र कोणताही छायाचित्रकार म्हणत नाही. काढणे त्याच्या हातचे असते. येणे त्याच्या हातचे नसते, असा निवाडा भाषेने कोणालाही न विचारता देऊन टाकला आहे.

‘येणे’ हे क्रियापद मराठीत आणखी कोठे कोठे अशा रीतीने येते ते पाहिले म्हणजे ह्या निवाड्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. पाऊस येतो, ताप येतो, झोप येते, राग येतो, अंगात येते. आणि पीक येते. जळकोट परिसरातील बोलीचे नमुने गोळा करीत असताना शेतीविषयक संभाषणे मी पुष्कळ टिपून घेतली. त्यांत पेरणे, कुळवणे, खुरपणे, राखणे ही सारी कामे सकर्मक क्रियापदांनी सांगितलेली आढळतात व तेथे माणूस स्वतःचे कर्तृत्व निःसंकोचपणे सांगतो. परंतु पिकापाशी वाक्य पोहोचले की रचना पालटते. ‘यंदा तूर चांगली आली’ असेच तो म्हणतो. बालाघाटाच्या माथ्यावरील ह्या कोरडवाहू मुलखात दुसरे काही म्हणणे शक्यही नव्हते. चाड्यावर मूठ धरणाऱ्याचा हात सधा असावा लागतो, आणि तो कितीही सधा असला तरी मृगाचा पाऊस त्याच्या मुठीत नसतो. येथे शेतकरी स्वतःचे श्रम नाकारीत नाही, किंवा सगळे दैवावर ढकलून मोकळाही होत नाही. एकाच हंगामाच्या दोन टोकांना तो दोन क्रियापदे लावतो, एवढेच.

थोर छायाचित्रांत दैवाचा वाटा किती, हा प्रश्न छायाचित्रणाच्या जन्मापासून चर्चिला गेला आहे. ज्यांना छायाचित्रणास कला म्हणावयाचे नव्हते, त्यांनी ‘यंत्र व योगायोग’ हा आक्षेप पुढे केला. ज्यांना ते म्हणावयाचे होते, त्यांनी योगायोगाचे नावच टाकले. हा वाद सौंदर्यशास्त्राचा म्हणून सोडून देता आला असता. परंतु गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासाची साधने म्हणून आपण छायाचित्रांकडे बोट दाखवितो, आणि साधन जर अंशतः योगायोगाने निर्माण झालेले व अंशतः योगायोगाने टिकलेले असेल, तर त्या योगायोगाचे स्वरूप तपासणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे कामच ठरते.

ह्या दृष्टीने आपल्याच प्रांतात घडलेले एक उदाहरण विस्ताराने पाहण्यासारखे आहे. गांधीजी व चरखा यांचे जे चित्र आज जगभर ओळखले जाते, ते १९४६ साली पुण्यास घेतलेले आहे. घेणाऱ्या मार्गारेट बर्क-व्हाइट ह्या अमेरिकेतील ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या छायाचित्रकार. त्या साप्ताहिकाच्या २३ नोव्हेंबर १९३६ च्या पहिल्या अंकाचे मुखपृष्ठही त्यांच्याच चित्राचे होते. त्यांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी. गांधीजींचे चित्र घ्यावयाचे तर आधी चरखा चालविता आला पाहिजे, अशी अट गांधीजींच्या चिटणिसांनी घातली. कातण्याचे मर्म न जाणणाऱ्याने कातणाऱ्याचे चित्र काय घ्यावे, असा त्यांचा रोख होता. बाईंनी सूतकताईचा पाठ घेतला; धागा पुनःपुन्हा तुटला, पण अट पुरी झाली. त्यानंतर कळले की तो सोमवार, म्हणजे गांधीजींच्या मौनाचा वार आहे. त्यांच्याशी बोलावयाचे नाही. शिवाय त्यांना प्रखर प्रकाश सोसत नाही. विनवण्या झाल्या तेव्हा फ्लॅशचे तीन दिवे उडविण्यास अनुमती मिळाली. त्या काळचा फ्लॅशचा दिवा एकदा उडाला की संपला. म्हणजे संधी तीन, आणि चौथी नाही.

आत गेल्यावर गांधीजी वर्तमानपत्रांची कात्रणे वाचीत बसलेले होते. त्यांच्या पाठीमागे खिडकी होती व तिच्यातून येणारे ऊन सरळ भिंगावर येत होते. बाकी खोली अंधारी. पहिला प्रयत्न फसला, दुसराही फसला. एकदा यंत्राने दगा दिला व एकदा घाईने, असे हकीकतींवरून दिसते. तिसरा दिवा मात्र योग्य क्षणी उजळला. पुढे चरखा, मागे मांडी घालून बसलेली ती कृश आकृती, वर खिडकीचा उजेड आणि हातात कागद, असे ते चित्र आले.

येथे एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. हे चित्र ‘चरख्यावर बसलेले गांधीजी’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे, आणि आपल्यापैकी कित्येकांना त्यांत गांधीजी सूत कातीत असल्याचे आठवते. वस्तुतः ते चित्रात कातीत नाहीत, वाचीत आहेत. चरखा पुढे उभा आहे, त्याच्याजवळ हात नाही. यंत्राने जे नोंदले ते आपल्या स्मृतीने दुरुस्त करून घेतले. छायाचित्राचा पुरावा म्हणून उपयोग करणाऱ्याने ह्या एका उदाहरणावरून पुष्कळ सावध व्हावे.

ह्या प्रसंगात दैव कोणते? तिसऱ्या दिव्याचे उजळणे, असे उत्तर सहज सुचते. ते खोटे नाही; पण त्यामुळे दोन गोष्टी झाकल्या जातात. एक अशी की, कातण्याची अट ही दैवाची गोष्ट नव्हती. कातावयास शिकलेल्या डोळ्याला चरखा कोठून मोठा व सुबोध दिसेल हे अधिक कळले असण्याचा संभव आहे. दुसरी गोष्ट अशी की, चित्र आल्यावरही त्याचे भाग्य उजाडले नव्हते. ‘लाइफ’ने १९४६ च्या मे महिन्यातील भारतीय नेत्यांविषयीच्या मोठ्या सचित्र लेखात ते घेतलेच नाही. पुढल्या महिन्यात गांधीजींच्या निसर्गोपचारांविषयीच्या एका मजकुराच्या माथ्यावर ते लहानशा आकारात छापले गेले. त्याला आजची थोरवी लाभली ती १९४८ च्या फेब्रुवारीत, गांधीहत्येनंतरच्या श्रद्धांजलीच्या अंकात मोठ्या आकारात छापले गेल्यावर. चित्र तेच, काच तीच, प्रकाश तोच. मधल्या काळात चित्राबाहेर एक भयंकर घटना घडली व चित्राचा अर्थ पालटला. तेव्हा दैवयोग केवळ चित्र घेण्याच्या क्षणी असतो असे धरून चालणे बरोबर नाही. तो नंतरही चित्रावर काम करीत राहतो.

आणखी एक शंका नमूद करून ठेवतो. छायाचित्रकारांनी सांगितलेल्या अशा हकीकतींत योगायोगाचा भाग पुनःकथनात वाढत जाण्याची प्रवृत्ती असते. तीन दिव्यांची गोष्ट लोककथेच्या वळणाची आहे, हे लोककथा गोळा करणाऱ्या कोणालाही जाणवेल. दोनदा अपयश व तिसऱ्यांदा यश हा साचा जुना आहे. म्हणून ती खोटी ठरत नाही. परंतु ती इतक्या वेळा का सांगितली गेली, ह्याचे कारण मात्र त्या साच्यात सापडते.

संस्कृत पंडितांनी योगायोगासाठी जे लौकिक न्याय सांगितले, त्यांतील दोन येथे उपयोगी पडतात. पहिला काकतालीय न्याय. कावळा झाडावर बसावयास आणि ताडाचे फळ पडावयास एकच गाठ पडली. दोहोंत कार्यकारणभाव नाही. मराठीत कावळा तोच राहिला, फळाच्या ठिकाणी फांदी आली. दुसरा घुणाक्षर न्याय. घुण म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. त्याने पोखरलेल्या रेषेतून कधीकाळी एखाद्या अक्षराची आकृती उमटते, पण किड्याला अक्षर ठाऊक नसते. छायाचित्रणाला यंत्र व योगायोग म्हणून हिणविणारे छायाचित्रकाराला घुण समजतात. परंतु घुणाक्षराच्या दृष्टान्तात एक व्यक्ती नेहमी अनुल्लेखित राहते, ती म्हणजे लाकडावरची रेषा पाहून ‘हे अक्षर आहे’ असे म्हणणारी. छायाचित्रणात ती व्यक्ती व किडा पुष्कळदा एकच असतात. शंभर रेषांतून अक्षर कोणते हे ओळखणे, नव्याण्णव टाकून देणे आणि एक ठेवणे, हा त्या धंद्यातील अर्धा व्यवसाय आहे.

पाश्चात्त्य देशांतील दोन उदाहरणे येथे थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील अॅन्सेल अॅडम्स यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावाच्या स्मशानावर उगवलेल्या चंद्राचे चित्र घेतले. मोटारीतून जाताना ते दृश्य दिसले, घाईघाईने साहित्य बाहेर काढले, तर प्रकाश मोजण्याचे उपकरणच सापडेना. चंद्रबिंबाची तेजस्विता किती असते तो आकडा अॅडम्स यांच्या स्मरणात होता. त्यावरून मनातल्या मनात हिशेब करून त्यांनी एक चित्र घेतले. दुसरे घेण्यापूर्वी क्रुसांवरचे ऊन गेलेले होते. चंद्र, ऊन व रस्ता यांची गाठ पडणे हे दैव; आकडा पाठ असणे हे दैव नव्हे. फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९३२ साली पॅरिसमधील सेंट लाझार स्थानकामागे पाण्याच्या डबक्यावरून उडी घेणाऱ्या माणसाचे चित्र कुंपणाच्या फटीतून घेतले, आणि फटीत केवळ भिंग मावत असल्याने आपणास काही दिसतच नव्हते, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. ह्याच लेखकाच्या १९५२ च्या ग्रंथामुळे ‘निर्णायक क्षण’ हा शब्दप्रयोग जगभर रूढ झाला. गंमत अशी की तो इंग्रजी आवृत्तीचा मथळा आहे. मूळ फ्रेंच मथळ्यात निर्णयही नाही व क्षणही नाही. तेथे लपतछपत, घाईगर्दीने टिपलेल्या चित्रांचा अर्थ आहे, परवान्यावाचून रस्त्यावर माल विकणाऱ्या फेरीवाल्याच्या लगबगीची छटा त्या शब्दांत आहे. भाषांतराच्या एका निवडीने फेरीवाल्याचा सेनापती झाला, आणि त्या सेनापतीच्या नावाने पुढे दोन पिढ्यांनी सिद्धान्त मांडले.

आपल्याकडे दैवासाठी जे शब्द आहेत त्यांचे मूळ पाहिले तर एक विलक्षण साम्य आढळते. ‘भाग्य’ हा शब्द भज् धातूपासून, वाटून घेणे ह्या अर्थापासून निघालेला. अरबीतून फारसीच्या मार्गाने आलेला ‘नशीब’ मुळात वाटा, हिस्सा याच अर्थाचा. ‘किस्मत’ ही तशीच वाटणीवाचक. आणि मराठीने आपल्या घरचा प्रयोग केला तो ‘वाट्याला येणे’. म्हणजे निरनिराळ्या वाटांनी आलेल्या भाषांनी दैवाची कल्पना एकाच रीतीने केली : कोणी तरी वाटप करीत आहे व आपल्या पदरात काही पडत आहे. ह्या कल्पनेचा एक परिणाम असा की, ‘दैव किती’ ह्याबरोबरच ‘कोणाच्या वाट्याला’ हाही प्रश्न उभा राहतो. छायाचित्राच्या इतिहासात हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, असे माझे मत आहे. आणि मराठवाड्यापुरते बोलावयाचे तर तोच खरा प्रश्न आहे.

जळकोट, उदगीर, कंधार हा सारा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाला एक अत्यंत थोर छायाचित्रकार लाभला होता. लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मीरतजवळ सरधना येथे झाला. रुडकीच्या थॉमसन महाविद्यालयात त्यांनी स्थापत्याचे शिक्षण घेतले, इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी धरली, व तिशीत, १८७४ च्या सुमारास, ते छायाचित्रणाकडे वळले. सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले. १८८६ साली सिकंदराबादेस व १८९६ साली मुंबईस त्यांची चित्रशाळा निघाली. १८९४ साली निजामाने त्यांना ‘राजा बहादुर मुसव्विर जंग’ हा किताब दिला. ‘मुसव्विर’ म्हणजे चित्र घडविणारा. ज्या अरबी धातूपासून तो शब्द होतो त्यापासूनच ‘तसवीर’ व आपली घरोघर भिंतीवर टांगलेली ‘तसबीर’ झाली. किताबाचा थाट लढाऊ आहे; परंतु त्यांत ‘येणे’ नाही, ‘घडविणे’ आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

दीनदयाळ यांच्या कलेत योगायोगाला जागा जवळजवळ नाही. ते ज्या काळी शिकले तेव्हा ओल्या काचेची पद्धत रूढ होती. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या ह्या पद्धतीत काचेवर कलोडियनचा लेप द्यावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावात बुडवावयाची, आणि लेप ओला आहे तोवरच चित्र घेऊन ते धुवून पक्के करावयाचे. सारा कारभार काही मिनिटांचा. दख्खनच्या उन्हाळ्यात तो अवधी आणखी आखूड होई. वाऱ्याबरोबर आलेला धुळीचा एक कण, लेपाची एक सुरकुती किंवा पाण्यातला खारटपणा सगळे श्रम वाया घालवू शके. म्हणजे त्या पद्धतीत दैव नव्हते असे नाही. पण ते शत्रूच्या रूपाने होते. चांगले घडावे म्हणून नव्हे, तर वाईट घडू नये म्हणून त्याची आराधना करावी लागे. स्थापत्य शिकलेल्या दीनदयाळ यांनी आपल्या चित्रांतून त्याला हद्दपार केले. वेरूळची लेणी असोत, दौलताबादचा किल्ला असो की १९०२ साली वारंगळ भागात लॉर्ड कर्झन यांनी मारलेल्या वाघासह घेतलेले चित्र असो, प्रत्येक वस्तू व प्रत्येक माणूस नेमून दिलेल्या जागी आहे. शतकाच्या अखेरीच्या दुष्काळात औरंगाबाद भागातील निवारणकार्याची जी चित्रे त्यांच्या नावावर आहेत, त्यांतही ही शिस्त दिसते. ती पाहताना मन अस्वस्थ होते. उपाशी माणसेही तेथे वास्तूच्या खांबांसारखी मांडलेली भासतात. सरकारच्या सत्कार्याचे ते दप्तर होते, आणि दप्तरात चुकून कोणी येत नाही.

दीनदयाळ १९०५ साली वारले. त्यांच्या चित्रशाळेतील २८५७ काचा १९८९ साली नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने विकत घेतल्या. आठ दशकांहून अधिक काळ काचेसारखी ठिसूळ वस्तू टिकली, ह्यात वारसांचे कष्ट आहेत आणि दैवही आहे. ह्या काचांतून महाल, मनसबदार, शिकारी, पलटणी व युरोपीय पाहुणे यांचे दर्शन घडते. जळकोटसारख्या गावाचा बाजार, तेथील कुंभार, मांग, लिंगायत वाणी, बलुतेदारांच्या बायका यांचे एखादे चित्र शोधू गेल्यास हाती निराशा येते. ही टीका दीनदयाळ यांच्यावर नाही. त्यांना ज्याचे वेतन मिळत होते ते काम त्यांनी उत्तम केले. मुद्दा वाटपाचा आहे.

टिकण्याच्या योगायोगाचे याहून तीव्र उदाहरण मराठवाड्याच्या दुसऱ्या टोकाला, अजिंठ्यास सापडते. मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल हे १८४४ पासून तेथील भित्तिचित्रांच्या मोठ्या प्रतिकृती तैलरंगांत करीत होते. वर्षानुवर्षे खपून केलेल्या त्या प्रतिकृती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरातील आगीत त्यांपैकी बहुतेक जळून गेल्या. दरम्यान गिल यांनी दोन भिंगांचा कॅमेरा घेऊन लेण्यांची छायाचित्रे काढावयास आरंभ केला होता, आणि ती १८६४ साली जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह ग्रंथरूपाने निघाली होती. हातांनी केलेले महान काम एका रात्रीत गेले व यंत्राने केलेले, त्या मानाने किरकोळ समजलेले काम राहिले, कारण त्याच्या अनेक प्रती अनेक कपाटांत पडून होत्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून तेच काम पुन्हा केले, आणि त्यातलाही मोठा भाग १८८५ साली लंडनमध्येच आगीत सापडला. गिल १८७९ साली वारले; त्यांचे थडगे भुसावळास आहे. काकतालीय न्यायाची दोनदा पुनरावृत्ती झाली की तिला काय म्हणावे, हे शास्त्रकारांनी सांगितलेले नाही.

न आलेल्या चित्रांचा इतिहास कोणी लिहीत नाही. तो लिहिला जावयास हवा. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला ह्या आपल्या देशातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. त्यांची आरंभीची चित्रे पती माणेकशा यांच्या नावावर छापली जात. ३० जानेवारी १९४८ रोजी त्या बिर्ला भवनातील प्रार्थनासभेस निघाल्या होत्या. पतींनी त्यांना परत बोलाविले, उद्या दोघे मिळून जाऊ असे ठरले. तो उद्या आलाच नाही. त्या दिवशीच्या चुकलेल्या चित्राची खंत त्यांना अखेरपर्यंत होती. त्या २०१२ साली वारल्या. उलट कार्तिए-ब्रेसाँ त्याच दुपारी गांधीजींना भेटून, त्यांची चित्रे घेऊन नुकतेच बाहेर पडले होते. कौशल्य दोघांपाशी होते. अर्थात तेथे हजर असूनही ते चित्र घेता आले असते का, आणि घेण्यास हात उठला असता का, हा प्रश्न उरतोच.

आता ज्या चित्रामुळे मी ह्या विषयाकडे वळलो त्याच्याकडे येतो. ते थोर नाही. जळकोटला माझ्या आजोळच्या घरी देवळीवर एक तसबीर आहे. घरातील सांगण्याप्रमाणे ती पोलीस अॅक्शननंतरच्या वर्षाची, म्हणजे १९४९ च्या आसपासची. फिरतीवरचा एक फोटोवाला बाजाराच्या दिवशी आला होता. अंगणात खुर्ची मांडून तीवर पणजोबा बसले आहेत. डोक्याला पटका, पायात नवा जोडा. दोन्ही बाजूंना दोन मुलगे उभे आहेत आणि त्यांचे हात सांगितल्याप्रमाणे खुर्चीच्या पाठीवर आहेत. उजव्या कडेला एक रांगते मूल चौकटीत शिरले आहे व त्याला ओढून घेण्यासाठी बाहेरून एक बाई वाकली आहे. पदर डोक्यावरून घसरला आहे, हात लांबविलेला, चेहरा हलल्यामुळे किंचित पुसट, पण हसू दिसते. ती माझी पणजी. तिचे दुसरे कोणतेही चित्र नाही.

फोटोवाल्याला ती काच बिघडली असे वाटले व त्याने दुसरी घेण्याची तयारी दाखविली. दुसरीचे पैसे पणजोबांनी नाकारले. तेव्हा ह्या चित्राच्या अस्तित्वास रांगते मूल, मंद गतीचे भिंग व पणजोबांचा हिशेबी स्वभाव अशी तीन कारणे आहेत. त्यांतील एकही कलेचे नाही. दीनदयाळ यांच्या शिस्तीत ही बाई कधीच आली नसती. तिला चौकटीबाहेर ठेवणारी रीत कोणा एका फोटोवाल्याची नव्हती. तिच्या घराचीच होती. जे नेमून बसविले ते तिघे आज कोणत्याही घरातील कोणतेही तिघे वाटतात. ओळखू येते ती एकटी ती.

काही वर्षांपूर्वी बोलीच्या नोंदींसाठी घरातल्या सर्वांत वृद्ध बाईंना, म्हणजे त्या रांगत्या मुलाच्या थोरल्या बहिणीला, मी ह्या चित्राविषयी विचारले. ध्वनिमुद्रण माझ्यापाशी आहे. खुर्चीवरचे कोण, उभे कोण, हे त्यांनी नातेसंबंधांसह सविस्तर सांगितले. कडेच्या बाईवर बोट ठेवून मी विचारले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, ‘ती व्हय? ती चुकून आली.’

मागल्या उन्हाळ्यात चित्राची प्रत करून घेण्यासाठी मी चौकट उघडली. मागच्या पुठ्ठ्यावर फोटोवाल्याचा शिक्का होता, परंतु कसरीने पुठ्ठा वळणावळणाने खाऊन टाकला आहे. त्या रेषांच्या मधून उर्दू लिपीतील गाफ, ये, रे ही शेवटची तीन अक्षरे वाचता येतात. ती ‘उदगीर’ची असावीत असे मानण्याकडे माझा कल आहे, पण ‘जहागीर’ची किंवा कोणा जहांगीरचीही असू शकतील.